फाउल, कार्ड आणि रीस्टार्ट: रेफ्रीच्या डोक्यातले तीन हिशोब

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा हार्बर लाइनच्या गर्दीत अर्धं ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं", "म्हणजे काय ना" वगैरे काढून टाकलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. गेल्या काही आठवड्यांत आलेले बरेच प्रश्न एकाच धाटणीचे होते. "दादा, चेंडूला पाय लागला होता, तरी फाउल का?" "हाताला लागला, पण मुद्दाम नव्हता, मग पेनल्टी कशी?" "कार्ड दाखवलं पण फ्री किक दिली नाही, असं कसं?" मी दर रविवारी खेळतो, आणि गेली काही वर्षं खारघर-नेरुळच्या छोट्या स्पर्धांमध्ये शिट्टीही वाजवतो. त्यामुळे हे प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकलेत. आज सगळं एकदा नीट समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपण बोलतोय ते अकरा-अकराच्या फुटबॉलबद्दल, आयफॅबच्या १७ नियमांबद्दल. टर्फवर पाच-पाच किंवा सात-सात खेळताना आयोजक आपापले नियम लावतात. तिथे खेळण्याआधी त्यांना विचारून घ्या.

आधी नेरुळची एक फायनल

६ फेब्रुवारी २०२२. डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरुळ. एएफसी महिला आशियाई चषकाची फायनल, चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. आपल्या मुलींना याच स्पर्धेत कोविडमुळे मध्येच माघार घ्यावी लागली होती, ते दुःख ताजं होतं. पण फायनल जबरदस्त झाली. हाफ टाइमला कोरिया २-० पुढे. शेवटी चीन ३-२ ने जिंकला, विजयी गोल दुसऱ्या हाफच्या भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला.

या पाच गोलांपैकी दोन पेनल्टीवर झाले. एक कोरियाच्या जी सो-युनने मारली, दुसरी चीनच्या तांग च्यालीने. आणि दोन्ही पेनल्टी हँडबॉलसाठी होत्या. आशिया खंडाची फायनल, आपल्या पाम बीच रोडपासून हाकेच्या अंतरावर, आणि निकालात एवढा मोठा वाटा कशाचा? हात नेमका कुठे होता याचा! म्हणून म्हणतो, नियम हे फक्त रेफ्रीचं काम नाही. तो खेळाचाच भाग आहे.

आता मूळ मुद्दा. रेफ्रीने शिट्टी वाजवली की आपल्याला एकच निर्णय दिसतो. त्याच्या डोक्यात मात्र तीन वेगवेगळे हिशोब चालू असतात:

१. फाउल झाला का, आणि कोणता?
२. कार्ड द्यायचं का?
३. खेळ पुन्हा कसा आणि कुठून सुरू करायचा?

हे तीन हिशोब वेगळे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की मैदानावरची निम्मी भांडणं संपतात. फाउल असू शकतो आणि कार्ड नसू शकतं. कार्ड असू शकतं आणि फ्री किक नसू शकते.

हिशोब पहिला: फाउल

हा सगळा नियम क्रमांक १२ चा भाग. डायरेक्ट फ्री किकचे बरेचसे फाउल प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी संबंधित आहेत: लाथ मारणं, पाय अडकवून पाडणं, ढकलणं, अंगावर उडी मारणं, धडक देणं, हाताने मारणं, चुकीचा टॅकल. हे फाउल कधी ठरतात? नियम तीन पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, निष्काळजीपणा. म्हणजे लक्ष न देता, काळजी न घेता केलेला टॅकल. फाउल आहे, कार्ड नाही.

दुसरी, बेदरकारपणा. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नाही. फाउल आणि पिवळं कार्ड.

तिसरी, गरजेपेक्षा जास्त ताकद, ज्यात समोरच्याला गंभीर दुखापत होऊ शकते. फाउल आणि लाल कार्ड.

आता बघा, या तिन्ही पायऱ्यांमध्ये "चेंडूला लागलं का" हा प्रश्न कुठेच नाही. म्हणजे "रेफ्री, बॉल घेतला ना मी!" हे ओरडणं पुरेसं नाही. चेंडू आधी घेतला आणि मग त्याच झपाट्यात समोरच्याचा घोटा घेतला, तर तो फाउल असू शकतो. तसंच "लागलंच नाही त्याला" हेही नेहमी चालत नाही. लाथ मारण्याचा, हाताने मारण्याचा किंवा पाय अडकवण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा फाउल आहे.

जर्सी धरून ठेवणं, अंगाला अंग लावून वाट अडवणं, चावणं, थुंकणं यांनाही डायरेक्ट फ्री किक. इथे पायऱ्या बघायच्या नसतात. केलं म्हणजे फाउल.

इनडायरेक्ट फ्री किकचे गुन्हे वेगळे. कोणालाही न लागता धोकादायक खेळणं, उदाहरणार्थ समोरचा हेडर मारायला वाकलाय आणि तुम्ही डोक्याच्या उंचीवर पाय नेलात. अंगाला न लागता वाट अडवणं. गोलकीपरला हातातला चेंडू सोडू न देणं. आणि आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरने हाताने पकडणं. लक्षात घ्या, मुद्दाम आणि पायाने. छातीने किंवा डोक्याने दिलेला साधा पास त्याने उचलला तर चालतं. चेंडू घसरून चुकून मागे गेला, तरी चालतं.

हँडबॉल, एकदाचा

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच. आधी "हात" म्हणजे काय? नियमानुसार हाताची वरची हद्द काखेच्या तळापर्यंत. त्याच्या वरचा भाग खांदा, आणि खांद्याला लागलेला चेंडू हँडबॉल नाही.

हँडबॉल तीन प्रकारे होतो. एक, चेंडूला मुद्दाम हात लावला, म्हणजे हात चेंडूकडे नेला. दोन, हाताची जागा अशी होती की त्यामुळे शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालं. इथे मुद्दाम केलं की नाही हा प्रश्न गौण. रेफ्री बघतो की त्या क्षणी त्या हालचालीसाठी हात तिथे असणं साहजिक होतं का. धावताना, उडी मारताना हात थोडे बाहेर येणारच. पण शॉट अडवायला समोर उभं राहून हात पंखासारखे पसरले, तर तुम्ही धोका पत्करलाय. आणि तीन, गोल. तुमच्या स्वतःच्या हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच तुम्हीच गोल मारला, तर अगदी अपघाताने लागला असला तरी गोल रद्द.

म्हणून नेरुळच्या त्या फायनलसारख्या मॅचमध्ये "तिने मुद्दाम केलं नाही हो" असं म्हणून भागत नाही. त्या मॅचला व्हीएआर होतं, म्हणून रिप्ले बघता आला. आपल्या रविवारच्या मॅचला रेफ्रीकडे दोन डोळे आणि अर्धा सेकंद असतो. नियम मात्र तोच.

हिशोब दुसरा: कार्ड

कार्डांची कल्पना केन ॲस्टन या इंग्रज रेफ्रीची. गाडी चालवताना सिग्नल बघून त्याला सुचलं: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. भाषा कोणतीही असो, रंग सगळ्यांना कळतो. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं पहिल्यांदा आली. वाशीच्या सिग्नलवर पिवळा दिसला की आपण वेग वाढवतो, ही गोष्ट वेगळी!

पिवळं कार्ड कशासाठी? बेदरकार फाउल, वारंवार फाउल, रेफ्रीच्या निर्णयाविरुद्ध शब्दांनी किंवा हावभावांनी नाराजी दाखवणं, खेळ सुरू करायला मुद्दाम उशीर लावणं, फ्री किकला अंतर न सोडणं, परवानगीशिवाय मैदानात येणं-जाणं, खोटं पडणं आणि एकूण अखिलाडू वागणूक.

लाल कार्ड कशासाठी? गंभीर फाउल, हिंसक वागणूक, चावणं-थुंकणं, शिवीगाळ किंवा अपमानास्पद बोलणं-हावभाव, दुसरं पिवळं कार्ड, आणि समोरच्याची गोलची स्पष्ट संधी फाउल करून हिरावून घेणं.

हे शेवटचं जरा थांबून समजून घेऊ, कारण "लास्ट मॅन आहे, रेड दे!" हे आपण सगळे ओरडतो. नियमात "लास्ट मॅन" असा शब्दच नाही. रेफ्री चार गोष्टी बघतो: गोल किती लांब आहे, खेळ गोलच्या दिशेने चाललाय का, चेंडू हल्ला करणाऱ्याच्या ताब्यात राहिला किंवा आला असता का, आणि बचाव करणारे किती आहेत व कुठे आहेत. चारही जुळलं तर स्पष्ट संधी.

त्यातही एक फरक आहे. पेनल्टी बॉक्समध्ये, ज्याला आपण टर्फवर सरळ "डी" म्हणतो, बचावपटूने खरोखर चेंडू खेळायचा प्रयत्न करताना फाउल केला, तर पेनल्टी आणि पिवळं. कारण पेनल्टीने संधी परत मिळतेच. पण ओढलं, ढकललं, किंवा चेंडू खेळायची शक्यताच नव्हती, तर पेनल्टी आणि लाल. मुद्दाम हाताने गोल अडवला तरी लालच. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल गोललाइनवर हाताने अडवला, आठवतंय? लाल कार्ड, पेनल्टी, आणि पेनल्टी क्रॉसबारवर. घाना बाहेर पडला. नियमाने जे करायचं ते केलं होतं, तरी अन्याय वाटला. नियम शिक्षा देतो, गेलेला गोल परत देत नाही.

अंधेरीची सात लाल कार्डं

२० डिसेंबर २०२३, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. मुंबई सिटी विरुद्ध मोहन बगान, आयएसएल. मुंबईने मॅच २-१ ने जिंकली, पण लक्षात राहिली ती सात लाल कार्डं. चार मॅच चालू असताना, आणि तीन शेवटची शिट्टी झाल्यानंतर!

"मॅच संपल्यावर कार्ड कसं?" असं तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं. उत्तर नियम ५ मध्ये आहे. रेफ्रीचा अधिकार पहिल्या शिट्टीने सुरू होत नाही आणि शेवटच्या शिट्टीने संपत नाही. मॅचआधी मैदान तपासायला तो आत पाऊल टाकतो तेव्हा अधिकार सुरू होतो, आणि मॅचनंतर मैदान सोडतो तेव्हा संपतो. त्यामुळे हस्तांदोलनाच्या वेळी झालेली बाचाबाचीसुद्धा त्याच्या हिशोबात येते.

आणखी एक. एका संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर मॅच पुढे चालू शकत नाही. म्हणजे बदली खेळाडू नसताना पाच जण बाहेर गेले की खेळ खल्लास.

हिशोब तिसरा: खेळ पुन्हा कसा सुरू?

इथे बहुतेक लोक चुकतात, आणि इथेच खरी गंमत आहे. रीस्टार्ट ठरवताना पहिला प्रश्न असा: त्या क्षणी चेंडू खेळात होता का?

समजा चेंडू थ्रो-इनसाठी बाहेर गेलाय. तेवढ्यात बचावपटूने स्वतःच्या डीमध्ये स्ट्रायकरला जोरात ढकललं. पेनल्टी? नाही. चेंडू खेळात नव्हता, म्हणून रीस्टार्ट बदलत नाही. कार्ड मिळेल आणि खेळ थ्रो-इननेच सुरू होईल.

आता उलटं. चेंडू मैदानाच्या मध्यावर आहे, खेळ चालू आहे, आणि इकडे डीमध्ये बचावपटूने स्ट्रायकरला ठोसा मारला. चेंडू साठ मीटर लांब, तरी पेनल्टी आणि लाल कार्ड. कारण चेंडू खेळात होता आणि गुन्हा डीमध्ये झाला. चेंडू कुठे होता याला महत्त्व नाही, गुन्हा कुठे झाला याला आहे.

दुसरा प्रश्न: ॲडव्हान्टेज? फाउल झाला पण ज्यांच्यावर झाला त्यांचाच हल्ला चांगला चाललाय, तर रेफ्री हात पुढे करून खेळ चालू ठेवतो. काही सेकंदांत फायदा मिळाला नाही तर मागे येऊन फाउल देऊ शकतो. पिवळं कार्ड द्यायचं असेल तर खेळ थांबल्यावर देतो. म्हणून "फाउल तर तेव्हा झाला, आता कार्ड कसलं?" हा वाद घालू नका.

बाकी रीस्टार्ट पटापट:

• डायरेक्ट फ्री किक: थेट गोल होऊ शकतो. समोरचे ९.१५ मीटर लांब.
• इनडायरेक्ट: रेफ्रीचा हात वर असतो. चेंडू दुसऱ्या कोणाला तरी लागायला हवा. थेट गोलमध्ये गेला तर समोरच्यांना गोल किक.
• थ्रो-इन: थेट गोल नाही. समोरच्याने किमान दोन मीटर अंतर ठेवायचं.
• गोल किक: चेंडू मारला आणि स्पष्टपणे हलला की खेळात. डीबाहेर जायची वाट बघायची नाही, हा बदल २०१९ पासून.
• ड्रॉप बॉल: आता दोघांमध्ये टाकून झुंज लावत नाहीत. चेंडू एकाच संघाच्या एका खेळाडूसाठी टाकतात, बाकी सगळे किमान चार मीटर लांब.
• गोलकीपरने हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू धरला तर समोरच्यांना कॉर्नर. हे २०२५ पासून. आधी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती. शेवटचे पाच सेकंद रेफ्री बोटांनी मोजून दाखवतो.

बंगळुरूची ती फ्री किक

रीस्टार्टचं महत्त्व किती, हे ३ मार्च २०२३ ला सगळ्या देशाने पाहिलं. आयएसएल प्लेऑफ, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. एक्स्ट्रा टाइममध्ये बंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्स भिंत लावायच्या तयारीत, आणि सुनील छेत्रीने पटकन चेंडू गोलमध्ये टाकला. गोल दिला गेला. ब्लास्टर्सच्या कोचने खेळाडूंना बाहेर बोलावलं, संघ परत आलाच नाही. बंगळुरू पुढे गेली. नंतर एआयएफएफच्या शिस्तपालन समितीने ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड केला आणि कोच इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली.

यावर अजूनही दोन तट आहेत, आणि मी तुम्हाला एका बाजूला ओढणार नाही. नियम काय सांगतो ते बघा. फ्री किक पटकन घेता येते, त्यासाठी दर वेळी शिट्टी लागत नाही. भिंत लावणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नाही. त्यांचं कर्तव्य ९.१५ मीटर मागे जाण्याचं. पण रेफ्रीने अंतर मोजायला घेतलं आणि "शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं, किंवा कार्ड दाखवायची प्रक्रिया सुरू केली, तर थांबावंच लागतं. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नापाशी येतो: रेफ्रीने थांबायला सांगितलं होतं का? ते ठरवणारा माणूस मैदानावर एकच, रेफ्री. समितीने ब्लास्टर्सची तक्रार मान्य केली नाही.

यातून खेळाडूंनी घ्यायचा धडा अगदी साधा. फाउल झाल्यावर रेफ्रीकडे वळून हातवारे करत बसू नका. आधी एकाने चेंडूसमोर लक्ष ठेवायचं, पाठ फिरवायची नाही. आणि तुम्हाला पटकन घ्यायची नसेल तर रेफ्रीला स्पष्ट सांगा, "सर, अंतर हवंय." मग शिट्टीची वाट बघा.

रेफ्रीला दिसलं नाही तर?

२५ ऑक्टोबर २०१७, पुन्हा आपलं नेरुळ. फिफा १७ वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमीफायनल, माली विरुद्ध स्पेन. दुसऱ्या हाफमध्ये माली मागे असताना दुकुरेचा लांबून मारलेला शॉट क्रॉसबारला लागून खाली आला. रिप्लेमध्ये चेंडू लाइनच्या आत पडलेला दिसला, पण गोल दिला नाही. त्या स्पर्धेत व्हीएआर नव्हतं. स्पेन ३-१ ने जिंकलं. मालीच्या पोरांचं मन मोडलं असणार, पण ते खेळत राहिले, आणि नंतर एक गोल मारलासुद्धा.

वर्ल्ड कपच्या रेफ्रीला न दिसणारी गोष्ट आपल्या इकडच्या एकोणीस वर्षांच्या पोराला दिसली नाही, तर काय होतं? मी पाहिलंय. एका स्थानिक स्पर्धेत थ्रो-इन कोणाचा यावरून दोन संघ रेफ्रीभोवती गोळा झाले. कॉलर धरली, आईवरून शिवी दिली. तो मुलगा तेव्हा कॉलेजात होता, मॅचच्या चारशे-पाचशे रुपयांतून खर्च भागवायचा. त्याने ती मॅच पूर्ण केली, शिट्टी बॅगेत टाकली आणि नंतर पुन्हा कधी रेफ्रीगिरी केली नाही. त्या स्पर्धेच्या पुढच्या फेरीत रेफ्री मिळेना म्हणून आयोजकांचाच एक माणूस उभा राहिला, त्याला इनडायरेक्टचा हातही माहीत नव्हता. नुकसान कोणाचं झालं? खेळणाऱ्यांचंच.

युरो २०२४ मध्ये यूएफाने एक चांगली पद्धत लावली: रेफ्रीशी बोलायला फक्त कॅप्टनने जायचं, बाकी कोणी घेराव घातला तर पिवळं. आपल्या स्पर्धांच्या आयोजकांनो, हे करायला एक रुपयाही लागत नाही. कॅप्टन्सना मॅचआधी दोन मिनिटं बोलावून सांगा, बस.

पटकन तीन प्रश्न

उत्तर वाचायच्या आधी स्वतः विचार करा हं.

एक: तुमच्या डिफेंडरने फ्री किक मागे गोलकीपरला दिली, त्याचा पाय लागलाच नाही आणि चेंडू थेट तुमच्याच गोलमध्ये. काय? सेल्फ गोल नाही. समोरच्यांना कॉर्नर.

दोन: खेळ चालू असताना स्ट्रायकर रेफ्रीवर ओरडला, रेफ्रीने खेळ थांबवून पिवळं दिलं. रीस्टार्ट? समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक.

तीन: रेफ्रीने चुकून कॉर्नरऐवजी गोल किक दिली, गोल किक मारली गेली, आणि मग त्याला चूक कळली. बदलू शकतो का? नाही. खेळ एकदा सुरू झाला की रीस्टार्टचा निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून शंका असेल तर कॅप्टनने आधी, आणि शांतपणे विचारायचं.

तीनपैकी तीन बरोबर आली असतील तर रेफ्रीचा कोर्स करायचा विचार करा, खरंच. राज्यात विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, फुटबॉलचा कारभार बघते. कोर्सची चौकशी तिथे किंवा तुमच्या जिल्हा संघटनेकडे करा. मुलींनी तर नक्की. शेजारच्या गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला सहाय्यक रेफ्री म्हणून गेली होती. सुरुवात सगळ्यांची कुठल्यातरी धुळीच्या मैदानावरच होते.

पुढच्या एपिसोडमध्ये ऑफसाइड. हो, तोच. तोपर्यंत तुमच्या मॅचमधले वाद मला व्हॉइस नोटवर पाठवा: चेंडू खेळात होता का, कोणी काय केलं, कुठे केलं, एवढं मात्र सांगा. कोणाची चूक हे मग आपण मिळून ठरवू. भेटूया!